परदेशातली सेमिस्टर बेळगावातच अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी निवड झाली की आपल्याकडे शाल-श्रीफळ होते, गल्लीच्या तोंडाला फलक लागतो, पेपरात फोटो येतो. त्यात गैर काहीच नाही. पण त्यानंतर त्या घरात जी धावपळ सुरू होते, तिची कारणे बहुतेक वेळा युरोपात नसतात. कॉलेजकडून जाण्याआधी जे लेखी घ्यायचे ते घेतलेले नसते. शिवाय सीमाभागातल्या माणसाची कागदपत्रे निम्मी या राज्यातली तर निम्मी त्या राज्यातली. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आत्तापासून, म्हणजे निघण्याच्या किमान दहा महिने आधी, हालचाल करावी म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तरी छापावे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. खरी एक्स्चेंज म्हणजे दोन विद्यापीठांत करार असतो, आपले कॉलेज विद्यार्थ्याचे नाव तिकडे कळवते (याला नॉमिनेशन म्हणतात), फी इथलीच भरायची आणि तिकडची शिक्षण फी माफ. जर्मनीत फार तर सेमिस्टरची वर्गणी द्यावी लागते. एजंट मंडळी 'सेमिस्टर अ‍ॅब्रॉड' म्हणून जे विकतात त्यात तिकडची फी पदरची असते, आणि करार नसेल तर तिकडचे मार्क इथे धरले जातीलच असे नाही. करार आहे असे सांगितले तरी दोन गोष्टी विचाराव्यात: त्याची मुदत कधी संपते आणि तो आपल्या ब्रँचला लागू आहे का. पुष्कळ करार एकाच विभागापुरते असतात. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण योजनेची मदत (देशानुसार महिन्याला 800 ते 900 युरो, प्रवासखर्च वेगळा) हीसुद्धा अशा करारातूनच मिळते. तिला विद्यार्थ्याने थेट अर्ज करायचा नसतो.

आता क्रेडिट. सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. युरोपात एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस (तिकडची सामाईक मोजणी) क्रेडिट, आपल्याकडे साधारण 20. म्हणजे हिशेब तीनास दोन. पण एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचे काम, त्यात घरचा अभ्यास, प्रोजेक्ट, परीक्षेची तयारी सगळे आले. आपले एक क्रेडिट वर्गातल्या 15 तासांवर मोजतात. परत आल्यावर कागद तपासणारा फक्त वर्गातले तास बघतो, ते कमी भरतात, आणि मुलाला दोन विषय पुन्हा द्यायला लावतो. यावर उपाय जाण्याआधीच आहे. 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाच्या कागदावर तिकडच्या प्रत्येक विषयासमोर इथल्या विषयाचा कोड आणि क्रेडिट लिहून घ्यायचे, आणि विद्यार्थी, आपले कॉलेज व तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या घ्यायच्या. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजच्याच पातळीवरची लेखी मंजुरी साधारणपणे पुरते. व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठाला संलग्न असेल तर विद्यापीठाची लेखी परवानगी हवी आणि त्या फाइलला वेळ लागतो. 'तू जाऊन ये, मग बघू' असे प्राचार्यांनी प्रेमाने सांगितले तरी ते ऐकायचे नाही. तिकडे पोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो किंवा तो इंग्रजीत नसतो. मग बदललेल्या विषयाला पहिल्या महिन्याभरातच इथून मेलवर मंजुरी मागवायची. परीक्षेनंतर मागितलेली मंजुरी सहसा येत नाही.

मार्कांचे रूपांतर कसे करणार हेही आधीच ठरवून घ्यावे. जर्मनीत 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे काठावर पास, 5 म्हणजे नापास. रूपांतरासाठी तिकडे बव्हेरियन सूत्र चालते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास यांमधल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी 8 आणि पासिंग 4 असेल तर उत्तर 2 येते. परतीला हेच उलटे करायचे. फ्रान्समध्ये मार्क 20 पैकी, पास 10 ला, आणि 13-14 म्हणजे तिथे चांगला विद्यार्थी. इथल्या कारकुनाने सरळ पाचने गुणले की त्याच मुलाचे 65 टक्के होतात आणि प्लेसमेंटची पात्रता हुकते. इटलीत पास 18 ला आणि कमाल 30. कोणती पद्धत वापरणार ते लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या खालीच एका ओळीत लिहून घ्यावे.

वेळापत्रकाचेही असेच. जर्मन विद्यापीठाची हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. वर्ग फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात, परीक्षा मार्चपर्यंत रेंगाळतात आणि गुणपत्रक यायला एप्रिल उजाडतो. तोवर इथली सम सेमिस्टर निम्मी झालेली असते आणि हजेरीची अट डोक्यावर. तिकडच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठांची सेमिस्टर महिनाभर आधी, सप्टेंबरला सुरू होते. फ्रान्समध्येही सप्टेंबरलाच. आमच्या मते इंजिनिअरिंगच्या मुलांनी हेच दोन पर्याय आधी बघावेत, विद्यापीठाचे नाव थोडे कमी मोठे असले तरी.

जिल्ह्यातल्या कॉलेजांकडे आमची मागणी एवढीच: करार केल्याचा फोटो छापता त्याच आठवड्यात विषयवार समतुल्यतेचा तक्ता आणि परीक्षा बुडाल्यास काय करणार याचा ठराव नोटीस बोर्डावर लावा. आणि या कामाला एक ठरावीक माणूस नेमा, ज्याचा मेल आयडी नोकरी बदलली तरी बदलत नाही.

कागदपत्रांकडे वळू. बेळगावचे सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झाले. आज वीस वर्षांच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर जुने स्पेलिंग, पासपोर्टवर नवे. यासाठी दाखला बदलायला धावू नये. व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टात आहे तेच लिहावे आणि नामांतराच्या राजपत्राची झेरॉक्स फाइलला जोडावी. खरा त्रास माणसांच्या नावांचा. लक्ष्मीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शाळेत 'एक्स' असतो, तर कन्नडवरून आलेल्या सरकारी दाखल्यात 'के-एस-एच-एम'. विठ्ठलमध्ये एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर एक 'टी', वडिलांच्या पॅनवर दोन. आई-वडिलांच्या बँक स्टेटमेंटवरचे नाव आणि मुलाच्या पासपोर्टवरचे आई-वडिलांचे नाव जुळले नाही, तर पैसे नक्की कोणाचे हा प्रश्न निघतो. एक पान घ्या, त्यावर सहा कागद आडवे आणि प्रत्येकाचे नाव उभे मांडा: जन्मदाखला, एसएसएलसी, पीयूसी (बारावी), आधार, पॅन, पासपोर्ट. वेगळे अक्षर दिसेल तिथे लाल शाई. दुरुस्ती करायची तर पासपोर्टला बाकीचे जुळवून घ्यावे, उलट नको. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मात्र तो आधी दुरुस्त करावा.

परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का (परदेशात कागद खरा मानावा यासाठीचा) लागणार असेल तर कागद ज्या राज्यात जन्मला त्या राज्याच्या सरकारने आधी तो खरा करायचा असतो. मुलाचा जन्म आजोळी चंदगडला किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात झाला असेल, किंवा पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल, तर तो कागद मुंबईला. बेळगाव, खानापूर, निपाणीचा कागद बंगळूरला. एकच गठ्ठा करून बंगळूरला पाठवला की महाराष्ट्राचे कागद तसेच परत येतात आणि पंधरा दिवस जातात. शिवाय हा शिक्का सगळ्यांना लागत नाही. यजमान विद्यापीठाने किंवा वकिलातीने मागितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत. नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयाचा) उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा उतारा हे फक्त कन्नडमध्ये असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. मराठी कागदांनाही तोच नियम.

व्हिसाचा अर्ज कुठे, हे मूळ गावावर नाही तर सध्याच्या राहण्यावर ठरते. घर खानापुरात आणि कॉलेजही बेळगावात, तर बंगळूर. पुण्यात हॉस्टेलला राहत असेल तर मुंबई, आणि त्याचा पुरावा म्हणून बोनाफाइड व हॉस्टेलचे पत्र. गोवा जवळ म्हणून तिकडून अर्ज करावा असे वाटते, पण गोव्याचे अर्जही मुंबईच्याच अखत्यारीत. बंगळूर पाचशे किलोमीटर. एक कागद राहिला की राणी चन्नम्मा एक्सप्रेसची आणखी एक रात्र, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी यादी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी.

पैशाची बाजू. जर्मनीसाठी महिना 992 युरो, वर्षाला 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे 5,952 होतात, म्हणजे युरोला 100 रुपये धरले तरी सहा लाखांच्या आसपास. फ्रान्सला महिना 615 युरो. आपल्याकडे बचत बहुधा पतसंस्थेत किंवा सोसायटीत असते. तिथून परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, कारण परवाना फक्त रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकांना व परकीय चलन व्यावसायिकांनाच. तेव्हा ठेव मोडायची असेल तर सहा महिने आधी मोडून बँकेच्या खात्यात आणावी. अर्जाच्या आठवड्यात अचानक जमा झालेले सहा लाख कोणालाच आवडत नाहीत. पाठवताना ए-टू फॉर्मवर शिक्षणाचा पर्पज कोड टाकावा आणि मधल्या बँकांचा खर्च पाठवणाऱ्याने सोसण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर वाटेत 15-20 युरो कापले जातात, खात्यात 5,952 ऐवजी 5,935 पोचतात आणि खाते पूर्ण भरल्याचा दाखलाच निघत नाही. थोडे जास्तच पाठवावे. आर्थिक वर्षात 10 लाखांच्या आत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) लागत नाही.

तिकडे पोचल्यावर जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. ही सही मिळणार का, हे खोली ठरवतानाच विचारावे. खोली न बघता अनामत मागणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. नभोवाणी वर्गणी म्हणून महिन्याला 18.36 युरोचे पत्र येईल. ती फसवणूक नाही, पण एका घराला एकदाच भरायची असते. खोलीत चौघे असाल तर वाटून घ्या.

फिरण्याबद्दल मुलांचा उत्साह मोठा आणि नियमांचे वाचन कमी. लांब मुदतीच्या 'डी' व्हिसावर इतर शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येते. ज्या देशाचा व्हिसा आहे तिथले दिवस त्यात धरत नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि ब्रिटन दोन्हींत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर किती प्रवेश आहेत ते बघावे. एकच प्रवेश असेल आणि वास्तव्याचा परवाना अजून हातात नसेल, तर मैत्रिणीला भेटायला लंडनला गेलेला मुलगा परत वर्गात येऊ शकत नाही. शेंगेनच्या आत फाटक नाही म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवून निघायचे नाही. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका माहीत असलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. एरवी स्ट्रासबुर्गहून जर्मनीतल्या केल गावाला ट्रामने ऱ्हाइन ओलांडताना फ्रान्स कुठे संपला ते कळतही नाही. पासपोर्ट हरवला तर वकिलात जे आपत्कालीन प्रमाणपत्र देते ते फक्त भारतात परतण्यापुरते असते, हे ध्यानात असू द्यावे.

रेल्वेत दोन चुका नेहमीच्या. अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांचा. तिथे कायदेशीर राहणाऱ्या विद्यार्थ्याला तसाच इंटररेल पास घेता येतो, मात्र राहत्या देशात तो जाण्यायेण्यापुरताच चालतो. दोन्ही पासांवर फ्रान्सच्या टीजीव्हीला, स्पेन-इटलीच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना वेगळे आरक्षण लागते. ते न केल्यास पास असूनही फलाटावरच राहायचे. जर्मनीचे डॉइचलँड तिकीट (2025 मध्ये महिना 58 युरो) साध्या प्रादेशिक गाड्यांपुरते आहे, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. ते दर महिन्याला आपोआप चालू राहते, आणि बंद करायचे असेल तर 10 तारखेच्या आत कळवावे लागते. विनातिकिटाचा दंड 60 युरो. इटलीत कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचे. स्वस्त विमानाचे 'फ्रँकफर्ट-हान' शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पॅरिसचे बोवे ऐंशीच्या वर. तिकिटात बसभाडे मिळवल्याशिवाय स्वस्त म्हणू नये.

आपले,
परदेशी प्रवेशाच्या कागदपत्रांचे काम पाहणारे दोन प्राध्यापक, बेळगाव

ता. क. बॅगेत कुंदा घालू नये. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे निव्वळ दूधच. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत, त्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. शेंगाची चटणी, जवसाची चटणी, मसाला चालतो. दोन पिशव्यांत घट्ट बांधावा.