पर्ड्यूचा हंगाम चार ओळींत मावणारा नव्हता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याची बातमी आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर, अगदी तळाच्या कोपऱ्यात, चार ओळींत वाचली. कनेक्टिकट विद्यापीठाने पर्ड्यू विद्यापीठाला ७५-६० असे हरवून सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद राखले, हा तिचा मजकूर आणि ‘पर्ड्यूचे स्वप्न भंगले’ हा मथळा. मजकुरात चूक काहीच नाही. उलट आयपीएल रंगात आलेली असताना या खेळासाठी चार ओळी राखल्या गेल्या, याबद्दल आभारच मानायला हवेत. परंतु इंडियाना राज्यातील वेस्ट लाफायेत येथील या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आणि त्याच्या संघाचा जुना चाहता या नात्याने मला तो मथळा पटला नाही. २०२३-२४ इतका समाधान देणारा हंगाम मी या संघाचा पाहिलेला नाही, आणि अंतिम सामना हरल्यानंतरही माझे हे मत बदललेले नाही.

त्यासाठी एक वर्ष मागे जावे लागेल. मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात, त्यांचे चार गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटात पहिल्या मानांकनाच्या संघाची गाठ प्रथम सोळाव्या मानांकनाच्या संघाशी पडते. ही लढत म्हणजे निव्वळ औपचारिकता मानली जाते. पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ पर्यंत सोळाव्या मानांकनाचा एकही संघ ती जिंकला नव्हता. त्या वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठावर ती नामुष्की ओढवली आणि १७ मार्च २०२३ रोजी ओहायोतील कोलंबस येथे तीच पाळी पर्ड्यूवर आली. न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. हा संघ आदल्या हंगामात फक्त चार सामने जिंकला होता आणि बावीस हरला होता. सरासरी उंचीत तो महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतील सर्वांत बुटका संघ होता. त्याला स्पर्धेत जागा मिळाली तीसुद्धा त्यांच्या विभागातील विजेता संघ नियमानुसार पात्र नव्हता म्हणून. पर्ड्यूकडे त्याच वेळी सात फूट चार इंच उंचीचा झॅक एडी होता. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे खेळाडू उभे केले आणि बाकीच्यांना लांबून फटके मारण्याची जणू मुभाच दिली. त्या बाकीच्यांनी तीन गुणांचे २६ प्रयत्न केले आणि त्यांतले पाच सफल झाले. त्याआधीच्या दोन वर्षीही पर्ड्यू आपल्याहून बऱ्याच खालच्या मानांकनाच्या संघांकडून बाद झाला होता. २०२१ मध्ये नॉर्थ टेक्सासने आणि २०२२ मध्ये सेंट पीटर्सने हे काम केले. त्यामुळे २०२३ चा पराभव हा अपघात आहे असे म्हणण्याची सोयही उरली नव्हती.

अशा पराभवानंतर काय होते, हे क्रिकेटवेड्या देशातील वाचकांना सांगायला नको. बळीचा बकरा शोधला जातो. प्रशिक्षक मॅट पेंटर यांना घरी पाठवा, ही मागणी चाहत्यांतूनच सुरू झाली. पेंटर हे स्वतः १९९३ पर्यंत पर्ड्यूकडून खेळलेले. जीन कीडी यांनी पंचवीस हंगाम सांभाळलेली जबाबदारी २००५ मध्ये त्यांच्याकडे आली. विद्यापीठाने त्यांना हलवले नाही. त्याहून मोलाची गोष्ट खेळाडूंनी केली. अलीकडच्या नियमांनुसार महाविद्यालयीन खेळाडूला एक विद्यापीठ सोडून दुसऱ्याकडे जाणे अत्यंत सोपे झाले आहे आणि दर वसंतात शेकडो खेळाडू तसे जातात. फेअरली डिकिन्सनविरुद्ध खेळलेले बहुतेक प्रमुख खेळाडू मात्र गेले नाहीत. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे पहिल्या वर्षाचे दोघे, ज्यांच्यावर सर्वाधिक टीका झाली, तेही थांबले. सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स हा चपळ बचावपटू आला, तेव्हा ईथन मॉर्टनची सुरुवातीच्या पाचांतील जागा गेली. मॉर्टन तरीही वर्षभर राखीव बाकावरून उठून वाट्याला येतील तेवढी मिनिटे खेळत राहिला. गुणफलकात अशा खेळाडूसाठी रकाना नसतो, पण संघ टिकतो तो अशांच्या जोरावर.

येथे प्रामाणिकपणे उलट बाजूही मांडली पाहिजे. प्रशिक्षक बदलून काहीच साधत नाही, असे मी म्हणणार नाही. याच हंगामात ओहायो स्टेट विद्यापीठाने फेब्रुवारीच्या मध्यावर आपल्या प्रशिक्षकाला काढले आणि चारच दिवसांनी, तात्पुरत्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच सामन्यात, त्यांनी पर्ड्यूला ७३-६९ असे हरवले. तो सामना पाहताना माझ्या मताची चांगलीच परीक्षा झाली. पण एका दुपारची उसळी वेगळी आणि तीन वर्षे हरूनही त्याच मुलांना घेऊन पुन्हा उभे राहणे वेगळे.

हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच हवाईतील माउई स्पर्धा झाली. लाहैना येथील भीषण वणव्यामुळे ती यंदा होनोलुलूला खेळवण्यात आली. तेथे पर्ड्यूने तीन दिवसांत गोंझागा, टेनेसी आणि मार्केट या तीन तगड्या संघांना नमवले. डिसेंबरमध्ये टोरोंटो येथे, म्हणजे एडीच्या गावी, अलाबामाला आणि पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिसला ॲरिझोनाला हरवले. पर्ड्यू ज्या विभागात खेळतो, त्या बिग टेन विभागात २० पैकी १७ सामने जिंकून सलग दुसऱ्यांदा विभागीय विजेतेपद घेतले. दोष नव्हते असे नाही. नॉर्थवेस्टर्न आणि नेब्रास्का या दोघांनीही आपापल्या घरी पर्ड्यूला हरवले, आणि दोन्ही वेळा पर्ड्यू देशात अव्वल क्रमांकावर होता. नेब्रास्काने तर १६ गुणांनी धूळ चारली. चेंडू हातचा घालवण्याची खोड वर्षभर पुरती गेली नाही आणि एडी बाकावर बसला की संघाचा चेहरामोहराच बदलत असे. तरीही हंगामअखेरचा हिशेब ३४ विजय आणि ५ पराभव असा झाला.

एडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आपल्या अनेक वाचकांच्या घरातील एक विषय येतो. हा मुलगा कॅनडाचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा, दहावीच्या सुमारास बास्केटबॉलकडे वळलेला. महाविद्यालयांसाठी होतकरू खेळाडूंच्या ज्या याद्या निघतात, त्यांत त्याचे नाव चारशेच्याही पुढे होते. यंदा त्याने सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर उसळलेला चेंडू पकडणे) मिळवले आणि सलग दुसऱ्या वर्षी तो देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. जुलै २०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि छबी जाहिरातीसाठी वापरू देऊन पैसे मिळवण्याची परवानगी आहे आणि नामांकित खेळाडू त्यातून गडगंज होत आहेत. एडीला मात्र ते दार जवळजवळ बंद होते, कारण तो अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर राहत होता. ज्या व्हिसावर पुण्या-नागपुराहून गेलेला आपला मुलगा आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत विद्यापीठाच्या भोजनगृहात ताटे उचलतो किंवा ग्रंथालयात पुस्तके लावतो आणि आवाराबाहेर एक डॉलर कमावताना दहा वेळा नियम वाचतो, तोच हा व्हिसा. सुमारे १५ हजार प्रेक्षकांचे पर्ड्यूचे मॅकी अरीना ज्याच्यासाठी भरत होते, ज्याच्या जोरावर वाहिन्या जाहिराती विकत होत्या आणि ज्याच्या प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर मिळत होते, त्याला सोबत्यांसारखी जाहिरात करण्याची मोकळीक नव्हती. मे २०२३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी दिलेले नाव मागे घेऊन तो पर्ड्यूला परतला, तेव्हा हे सारे त्याला ठाऊक होते. पंच त्याला झुकते माप देतात, अशी ओरड वर्षभर झाली. दोन-दोन खेळाडू ज्याच्या दंडांना लटकलेले असतात, त्याला किती वेळा दाद मिळत नाही, याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

मार्चमध्ये पुन्हा सोळाव्या मानांकनाचा संघ समोर आला. ग्रॅम्बलिंग स्टेटविरुद्धची ती लढत पर्ड्यूने ७८-५० अशी जिंकली आणि एडीने ३० गुण व २१ रिबाउंड मिळवले. त्यानंतर युटा स्टेट आणि गोंझागा सहज गेले. खरी कसोटी डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध लागली. टेनेसीच्या डाल्टन क्नेक्टने ३७ गुण केले. तो एकटा पर्ड्यूच्या तोंडचा घास काढून घेणार असे वाटत असताना, अखेरच्या मिनिटात तो बास्केटकडे घुसला आणि एडीने वरच्यावर तो चेंडू अडवला. त्या सामन्यात ७२ पैकी ४० गुण एडीचे होते. ७२-६६ या विजयाने पर्ड्यू १९८० नंतर प्रथमच अंतिम चारांत पोहोचला. जीन कीडींची पंचवीस वर्षे आणि पेंटर यांची आधीची अठरा वर्षे यांत जे जमले नव्हते, ते या संघाने केले. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलिना स्टेटला ६३-५० असे नमवून त्याने अंतिम सामन्यातही धडक मारली.

अंतिम सामना ८ एप्रिल २०२४ च्या रात्री ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे झाला. आपल्याकडे तेव्हा गुढीपाडव्याची सकाळ होती. गुढीची तयारी आणि सामना दोन्ही एकाच वेळी आल्याने घरात जे काही ऐकून घ्यावे लागले, ते येथे लिहीत नाही. त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी इंडियाना राज्यावरून गेली होती आणि पर्ड्यूला ग्रहण लागले, असा विनोद मित्रमंडळींत फिरत होता. ग्रहणाचा काही संबंध नव्हता. कनेक्टिकटचा संघ सरस होता आणि त्याचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांची योजना त्याहून सरस होती. फेअरली डिकिन्सनने एडीला घेरून बाकीच्यांना मोकळे सोडले होते. कनेक्टिकटने नेमके उलट केले. सात फूट दोन इंचांच्या डोनोव्हन क्लिंगनला एडीसमोर एकट्याने उभे केले आणि बाकीच्या चौघांनी आपापल्या माणसाला क्षणभरही सोडले नाही. एडीने हवे तेवढे गुण करावेत, इतरांना चेंडू मिळता कामा नये, असा हा डाव होता. एडीने ३७ गुण केले, पण बाकी साऱ्या संघाचे मिळून २३ झाले. एरवी सामन्यामागे तीन गुणांचे वीसएक प्रयत्न करणाऱ्या आणि त्यांत देशातील उत्तम संघांत गणल्या जाणाऱ्या पर्ड्यूला त्या रात्री असे सातच प्रयत्न करता आले आणि त्यांतला एक सफल झाला. मध्यंतराला ३६-३० असा सहा गुणांचा फरक होता. उत्तरार्धात पेंटर यांनी एडीकडे चेंडू देण्याचा क्रम थोडा मोडून स्मिथला अधिक मोकळीक द्यायला हवी होती, अशी माझी तक्रार आहे. पण त्याने निकाल बदलला असता, असा दावा मी करणार नाही.

याआधी पर्ड्यू अंतिम सामन्यात पोहोचला होता तो १९६९ मध्ये. तेव्हा कॅलिफोर्नियातील यूसीएलए या विद्यापीठाने त्याला ९२-७२ असे हरवले. त्या यूसीएलए संघाचे प्रशिक्षक होते जॉन वुडन, स्वतः पर्ड्यूचे नामवंत माजी खेळाडू. पर्ड्यूच्या चाहत्याने नशिबाकडे फार अपेक्षा ठेवू नयेत, याचे याहून जुने उदाहरण माझ्याकडे नाही. अलीकडचे उदाहरण २०१९ चे. सोळाव्या मानांकनाकडून हरलेल्या व्हर्जिनियाने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले आणि त्या वाटेवर जादा वेळेत त्यांनी हरवलेला संघ पर्ड्यूच होता. यंदा व्हर्जिनियाचा तो कित्ता पर्ड्यूने गिरवला, फक्त शेवटची ओळ तेवढी राहिली.

एक विनंती आपल्याकडील खेळाबद्दल. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकासाठी खेळले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. आज आपल्या विद्यापीठांचे कबड्डी, खो-खो किंवा बास्केटबॉलचे संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत काय करतात, हे त्यांच्याच महाविद्यालयांतील मुलांना माहीत नसते. अमेरिकेतील सामन्याला चार ओळी मिळतात, तर त्यांनाही मिळाव्यात, आणि त्या केवळ अंतिम निकालाच्या नसाव्यात.

पर्ड्यूपुरते सांगायचे तर एडीची चार वर्षे संपली आणि लान्स जोन्सही आता नसेल. स्मिथ आणि लॉयर तिसऱ्या वर्षात जातील. एडीच्या जागी ट्रे कॉफमन-रेन येण्याची शक्यता अधिक दिसते. तो उंचीने एडीपेक्षा सात इंच कमी आहे, पण पायांनी चपळ आहे आणि बास्केटजवळ दोन्ही हातांनी गुण मिळवतो. त्यामुळे पेंटर यांना आता संघाची सारी मांडणी एका खेळाडूभोवती करता येणार नाही, आणि अंतिम सामन्यात जे झाले ते पाहता हे संघाच्या पथ्यावरच पडेल, असा माझा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा हंगाम सुरू होईल.

आपला नम्र,
पर्ड्यू विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी
कोथरूड, पुणे