कुत्रीच्या स्तनगाठी आणि मिथायलेशन : मित्रास पत्र

परभणी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

कुत्रीच्या स्तनगाठींवर मिथायलेशनचं (डीएनएवर मिथाइल गट लागण्याचं) काम उदगीरला सुरू करतोयस, फार आनंद झाला. या गाठी बायकांच्या स्तनकर्करोगासारख्याच आपसूक उद्भवतात, आणि कुत्रीही आपल्याच घरात, आपल्याच हवापाण्यावर वाढलेली असते. उंदरात मुद्दाम रुजवलेल्या गाठीला ही सर नाही. पण तपासणीच्या किटच्या आधी गाठी ठेवायच्या बाटल्यांचं बघ.

अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकू देऊ नकोस. वरचा थर कडक होतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात आतला भाग कुजतो. पाच मिलिमीटरहून जाड काप नको. द्रावण तुकड्याच्या दहापट. २४ ते ४८ तासांत बाहेर काढून पुढच्या प्रक्रियेला. एक लिटर द्रावणासाठी बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे फॉस्फेट क्षार वगळले तर फॉर्मिक आम्लाने डीएनए तुटतो, मग शंभर-सव्वाशे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडासुद्धा पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, धड वाढत नाही.

तुलनेला रक्त घेऊ नकोस, हे कळकळीने सांगतो. प्रत्येक ऊतीचं मिथायलेशन मुळातच वेगळं असतं; दिसेल तो फरक रक्त आणि स्तनग्रंथीतला, कर्करोगाचा नव्हे. त्याच कुत्रीची निरोगी ग्रंथी घे. शेवटचा माज कधी आला, गर्भाशय-अंडाशय काढलंय का, तेही लिहून ठेव. माजचक्राप्रमाणे ग्रंथीतल्या पेशींचं प्रमाण बदलतं. काचपट्टीवर पॅथॉलॉजिस्टकडून गाठीचा भाग आखून तेवढाच खरवड.

बायसल्फाइट या रसायनाने डीएनएतल्या मिथाइल नसलेल्या सायटोसिन या बेसचं युरॅसिल होतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. डीएनएचे दोन धागे नीट सुटले नाहीत किंवा प्रथिनं उरली, तर साधं सायटोसिनही न बदलता राहतं आणि खोटं मिथायलेशन दिसतं. म्हणून प्रत्येक खेपेला लॅम्डा फाज या विषाणूचा मिथाइल नसलेला डीएनए सोबत घाल. त्यात ९९ टक्क्यांहून कमी बदल दिसला तर ती खेप टाकून दे, कितीही जीव तुटला तरी.

पीसीआरसाठी पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) साधं हॉट-स्टार्ट टॅक घे. पीएफयू जातीचं एन्झाइम युरॅसिलपाशी अडतं, आणि लोक विनाकारण प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसतात. प्रायमरच्या जागेत सीपीजी (सायटोसिनपुढे ग्वानिन, जिथे मिथाइल लागतो ती जोडी) नको. ०, २५, ५०, ७५, १०० टक्के मिथायलेशनची मिश्रणं आधी चालवून बघ. ५० टक्क्यांचं मिश्रण २० दाखवत असेल तर पीसीआर एका बाजूला झुकतोय, अॅनीलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान बदल.

प्रायमरचे क्रम पाठव, कुत्र्याच्या जीनोमवर ताडून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता