कळंबोलीच्या काकांना, जालन्याहून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते जाऊ दे, कंटेनर न्हावा शेवा बंदराला लागला का?" असं म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. आपल्या भंगार-स्टीलच्या धंद्यातली माणसं वाचतील, तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं होईल, त्याला माझा इलाज नाही. तुमचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल.

गेल्या वर्षी मुंबईतल्या त्या परिषदेला मी पहिल्यांदा आले. कोळसा, स्टील आणि रिसायकलिंग, अख्ख्या आशियाचा बाजार दोन दिवसांत. डेलिगेट फीचा आकडा ऐकून सासऱ्यांनी "एवढ्यात रॅमिंग मासच्या (भट्टीच्या अस्तराच्या मसाल्याच्या) किती गोणी येतील" ते तोंडी हिशेब करून सांगितलं होतं. दारातल्या टेबलावरच्या मुलाने मला बघून "मॅडम, इव्हेंट स्टाफचे बॅज पलीकडे" म्हटलं. त्याचा तरी काय दोष, त्या रांगेत बाया होत्याच किती! मी "जालन्याहून आलेय, फर्नेसवाली आहे" एवढंच म्हणाले, आणि मागून तुमचा आवाज आला, "अरे, या जालन्याच्या खरेदी बघतात. आधी त्यांचा बॅज काढ." तोवर आपण फक्त फोनवरच बोललो होतो. तुम्ही आवाजावरून ओळखलंत. त्या दोन वाक्यांबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार कोळशाच्या सत्राचे. मी ते सोडून स्टॉल बघायला निघाले होते. आमची इंडक्शन भट्टी विजेवर चालते, तिच्यात कोळशाचा खडासुद्धा पडत नाही, मग तिथे बसून करायचं काय? तुम्ही विचारलंत, "तुझ्या चार्जमध्ये स्पंज किती? कुठून येतो?" (चार्ज म्हणजे भट्टीत घालायचा माल, आणि स्पंज म्हणजे खनिजापासून कोळशावर बनवलेलं कच्चं लोखंड.) रायपूर आणि बेल्लारीहून, मी म्हटलं. "मग बस खाली."

बसले, आणि शेजारून तुमचं हळू आवाजातलं भाषांतर सुरू झालं. स्टेजवरच्या पाहुण्यांपेक्षा ते कितीतरी कामाचं होतं. आपल्याकडचे कितीतरी स्पंजवाले रिचर्ड्स बेचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा कोळसा का मागतात, ते तुम्ही सांगितलंत: राख लवकर वितळणारी असली की ती किल्नमध्ये, म्हणजे स्पंजच्या फिरत्या भट्टीत, आतून चिकटत जाते, कडं धरते, आणि मग किल्न बंद करून ते फोडत बसावं लागतं. २०२२ चं सालही तुम्हीच उलगडून दाखवलंत. जानेवारीत इंडोनेशियाने कोळशाची निर्यात महिन्यासाठी थांबवली. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाचा कोळसा टाळायला युरोपातले वीजवाले रिचर्ड्स बेच्या दारात येऊन उभे राहिले, आणि आपला स्पंजवाला त्याच रांगेत मागे ढकलला गेला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाचा उत्तम कोकिंग कोल, म्हणजे मोठ्या कारखान्यांच्या झोतभट्टीला लागणारा कोळसा, टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. आपला देश कोकिंग कोल बहुतांश बाहेरूनच आणतो, त्यामुळे मोठ्या कारखान्यांचं स्टील महागलं आणि त्यामागून आमची सळईही. त्या वर्षी आम्ही भाव चढले म्हणून नुसते ओरडत होतो. ते कुठून चढत आले हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. शिवाय महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाचीच, म्हणजे आमच्या बिलातही तो आहेच.

(त्या सत्रातल्या प्रत्येक वक्त्याने शेवटी "सावध आशावाद" व्यक्त केला. तिसऱ्या वेळी तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोप लागली, पण प्रश्न विचारायची वेळ आल्यावर सगळ्यात आधी तुमचाच हात वर होता.)

जेवणाच्या वेळी तुम्ही कार्यक्रमपत्रिका उलटी केलीत आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडलात. तो कागद मी जपून ठेवलाय. "समज, एटी-ट्वेंटी, म्हणजे जाड भंगार, टनाला ३८० डॉलरला न्हावा शेवा पोच. डॉलर ८५ धर. झाले ३२,३००. क्लिअरिंग, हाताळणी, जालन्यापर्यंत ट्रक, धर ३,०००. झाले ३५,३००. आता सांग, तुला भंगार कितीला पडलं?" मी म्हटलं, ३५,३००. "ते ट्रकमधल्या मालाचं झालं. त्यात माती आहे, गंज आहे, रंग आहे. रिकव्हरी, म्हणजे त्यातून निघणारं लोखंड, ९२ टक्के आली, तर वितळलेलं लोखंड ३८,००० च्या वर गेलं." ३८,३७० होतात, मी मोबाईलवर करून बघितलं. मग तोच हिशेब तुम्ही शेजारच्या रकान्यात स्पंजसाठी मांडलात: रिकव्हरी कमी, स्लॅग (वर तरंगणारा मळ) जास्त, वीज जास्त. आता दर सोमवारी मी हेच दोन रकाने भरते, फक्त त्या दिवशीचे आकडे घालून. सासरे आधी चष्म्यावरून बघायचे, आता स्वतःच विचारतात, "सोमवारचा कागद झाला का?"

दुपारी एका वक्त्याने जपानच्या कांतो टेंडरचं नाव घेतलं आणि पेंगणारं सभागृह एकदम जागं झालं. तेही तुम्ही समजावलंत. टोकियोच्या आसपासचे भंगारवाले दर महिन्याला एकत्र लिलाव करतात, एचटू जातीचं भंगार कितीला गेलं ते व्हिएतनामपासून बांगलादेशातल्या चट्टोग्रामपर्यंत सगळे बघतात. पलीकडे तुर्कस्तान, भंगार आयातीत जगात पहिला. तो खरेदीला उतरला की आपल्याला आलेली ऑफर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आणि चीन, जगातलं निम्म्याहून जास्त स्टील एकटा बनवणारा. तिथली घरबांधणी मंदावली की त्यांचा माल बाहेर पडतो आणि सगळ्यांचे भाव दबतात.

पण खरी परिषद कॉफीच्या टेबलापाशी असते, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तिथे तुम्ही कोणालाच "भाव काय" म्हणून विचारत नव्हता. "शेवटचा सौदा कधी झाला, किती टनांचा?" एवढंच विचारायचा, आणि समोरचा अडखळला की हसून पुढच्या टेबलाकडे. पडद्यावरच्या आकड्यामागे सौदा आहे की नुसती ऑफर, हे मी आता फोनवरही आधी विचारते. दोन-तीन दलाल त्यामुळे माझ्यावर जरा नाराज आहेत.

मग तो श्रेडेडचा, म्हणजे यंत्रात फाडून तुकडे केलेल्या भंगाराचा स्टॉल. तुम्ही काचेच्या भांड्यातून मुठीएवढा चुरगळलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. रबर नाही, फोम नाही, मातीचा कण नाही. २००४ मध्ये गाझियाबादजवळ भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट झाला, २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० सापडलं, आणि तेव्हापासून जहाजात माल चढण्याआधीची तपासणी आणि बंदरातलं किरणोत्सर्गाचं गेट ही नुसती कागदं राहिलेली नाहीत, हे तुम्ही त्या स्टॉलवरच सांगितलंत. आमच्या भट्टीवर उभी राहणारी पोरं माझ्या ओळखीची आहेत काका. सर्टिफिकेट मी आता स्वतः वाचते.

त्याच स्टॉलवर तुम्ही दुबईच्या यार्डवाल्याशी गाठ घालून दिलीत, म्हणालात "हिला पहिला माल स्वच्छ दे", आणि निघून गेलात. माल स्वच्छ आला. दुसराही आला. युरोपातून भंगार बाहेर पाठवायचे नियम २०२७ च्या मेपासून कडक होणार, तेव्हा एकाच दिशेवर विसंबू नकोस, असं तुम्ही म्हणाला होतात. ते काम चालू आहे, सविस्तर फोनवर बोलू.

राहता राहिली त्या दोन सौद्यांची दलाली. मी तीनदा विषय काढला, तुम्ही तीनदा कंटेनरवर नेलात. आता सगळ्यांसमोर सांगते: बिल पाठवा. १८ टक्के जीएसटी लावून पाठवा, सासऱ्यांनी मंजूर केलंय.

आपली,
जालन्याची फर्नेसवाली