गुरुवारी घरी थांबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "तू जेवलीस का" विचारलं असतं. म्हणून लिहिते आहे.

येत्या गुरुवारी आपल्या उपकेंद्राच्या सीएचओ, म्हणजे आरोग्य अधिकारी मॅडम, तुम्हा दोघांच्या तपासणीला घरी येतील. मी सांगितलंय. तुम्हाला न विचारता सांगितलं हे चुकलं असेल, पण विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. आशाताईंना मुद्दाम मध्ये घेतलं नाही. त्या चांगल्याच आहेत, पण त्यांची जाऊ कशी आहे ते आईला ठाऊक आहे.

बाबा, तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात तोच हा फॉर्म, मी इथे सरकारी आरोग्य मंदिरात रोज भरते. कमरेचं माप, बीपी, शुगर, बॅटरी लावून तोंडात बघणं. खाटेवर बसल्या बसल्या होईल आणि तंबाखूचा खर्रा कुणी हिसकावून घेणार नाही. मग दारूचा प्रश्न. फॉर्मवर "रोज पिता का" असं छापलंय, आणि त्याला सगळं गाव "नाही" म्हणतं. मीही सुरुवातीला मान वर न करता शून्य लिहीत गेले. आता विचारते, "काका, शेवटची कधी घेतली?" मग माणूस म्हणतो, "काल." त्या मॅडमही तसंच विचारतील. खरं सांगा.

पोळ्याच्या रात्रीचं मी काढत नाहीये. पण दिवाळीत सकाळी तुम्ही चहाची बशी हातात न धरता खाली ठेवलीत आणि वाकून प्यायलात. मी पाहिलं, बोलले नाही. परक्यांना विचारायचा पगार घेते मी, आणि तुम्हाला विचारायला जीभ रेटली नाही. सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे ते हात आहेत हे.

आणि हे पत्र वाचून रागाने दारू एकदम बंद करू नका. रोजची सवय अशी तोडली की थरथर वाढते, कधी झटकेही येतात. डॉक्टरला सांगून, त्याच्या देखरेखीखालीच सोडायची.

आई, तुला वाटलं असेल तू सुटलीस. शेवटी दोन प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांचे. कशात मन लागलं नाही असे किती दिवस गेले, आणि उदास, हताश किती दिवस वाटलं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. परवा रात्री मनातल्या मनात तुझा फॉर्म भरला. यंदा कुरडया घातल्या नाहीस, भजनाला जाणं सोडलंस, पहाटे तीनला अंगणात जाऊन बसतेस. पाच आले. पुन्हा मोजले, पाचच. काकांच्या वेळी कुणी विचारायलाच आलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प आपल्याकडे आला तो २०१५ ला.

पुढे पाठवायचं म्हणजे वेड्यांचा दवाखाना नव्हे गं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, मी रजा टाकलीय, मीच नेईन. येताना तुझ्या बांगड्याही घेऊ. गोळ्यांनी माणूस झिंगून पडतो असं शेजारची मावशी सांगेल, ऐकू नकोस. मधेच एखाद्या रात्री फार जड झालं तर आधी मला लाव, मी उचलला नाही तर १४४१६. टेलिमानस म्हणतात त्याला, मन जड झालेल्यांसाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नंबर बाबांच्या गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

गुरुवारी दोघांनी वेगवेगळं बसायचं, बाबा ओसरीवर, आई आत. मॅडम बिनसाखरेचा चहा घेतात. आणि आई, त्या बाबांशी बोलत असताना तू आतून "खोटं बोलतात ते" असं ओरडायचं नाही.

तुमची,
चिंगी