वनमालेचं खोटं नाव

सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नववीला ‘दिखावा आणि सचोटी’ शिकवायला घेतलं की मुलं जांभया देतात, असं तू लिहिलंस. ‘मानापमान’ घे. १९११ साली रंगभूमीवर आलेलं नाटक, भाषा जड, पण लिहिणारे कृ. प्र. खाडिलकर आमच्या सांगलीचे, आणि गाभा आजच्या पोरांना पटकन कळतो. लक्ष्मीधर पैसेवाला, दागिन्यांचा शौकीन आणि भित्रा. धैर्यधर शूर, पण गरीब म्हणून नाटकाची श्रीमंत नायिका भामिनी त्याला झिडकारते.

अख्खं नाटक वाचत बसू नकोस. ३५ मिनिटांच्या तासात तीन तुकडे पुरेत: लक्ष्मीधराचा तोरा, भामिनीचा नकार, आणि ती वेश बदलून, ‘वनमाला’ हे खोटं नाव घेऊन धैर्यधरासमोर जाते तो प्रसंग. संवाद मुलांनीच वाचायचे. लक्ष्मीधराचं काम मात्र वर्गातल्या नटव्या मुलाला देऊ नकोस; सगळे त्याच्याकडे बघून हसतील आणि तास तिथेच संपेल.

तिसऱ्या तुकड्यानंतर कुणीतरी विचारणारच, “सर, वनमालाही खोटीच ना? मग आमच्या फेक अकाउंटला का ओरडता?” हा प्रश्न दाबू नकोस, सगळा विषय त्यातच आहे. सोंग घेतलं एवढ्यावर दोष द्यायचा तर भामिनीही दोषी. वेश घेतल्यावर तिला काय दिसलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते विचार. वनमाला झाल्यावर तिला समोरचा माणूस दिसू लागतो. धैर्यधराची फसवणूक होतेच, तेही मुलांना बोलू दे. मैत्रिणीच्या नावाने अकाउंट काढून तिची टिंगल करणाऱ्याचा हिशेब मग तीच मांडतील.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या. नाव घालायचं नाही. शेवटचा टाकलेला फोटो आठवायचा: त्यासाठी किती काढले, फिल्टर लावला का, चौकटीबाहेर काय ठेवलं, पहिल्या तासाभरात लाइक बघायला फोन किती वेळा उघडला. तिसऱ्या प्रश्नावर रेंगाळ. अजिंक्यताऱ्यावरच्या फोटोत मावळतीचं ऊन असतं, पण बाजूला सगळ्यांच्या बॅगा धरून उभा असलेला मित्र नसतो. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना विचार, चाचणीचे मार्क कुणाला वाढवून सांगितले?

बिघडतं ते बहुतेक आपल्यामुळेच. चोखोबांचा उसाचा अभंग फळ्यावर लिहून सुरुवात केलीस की सरांना काय हवंय ते मुलांना कळतं. मग चिठ्ठीत येतं, ‘मला साधेपणा आवडतो.’ तोही दिखावाच, आणि तो आपणच शिकवलेला असतो. म्हणून या कामाला मार्क ठेवू नकोस, आणि कुणाला उभं करून वाचायला लावू नकोस. फोनला शिव्या घालणंही टाळ. तुझाही डीपी त्यांनी पाहिलेला असतो.

इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवता येतो. ज्यांना करायचंय त्यांनीच आठवडाभर करून बघावं. पहिले दोन दिवस चुळबुळ होईल, सक्ती केलीस तर लगेच सोडून देतील.

चिठ्ठ्या घरी नेऊ नकोस, स्टाफरूममध्ये तर नाहीच. अक्षरावरून मूल ओळखू येतं. त्याच तासाला, त्यांच्या डोळ्यांदेखत फाडून टाक.

तुझा,
सांगलीकर मित्र