जत्रेतल्या खेळण्यांच्या पालापर्यंतही तुमचा निरीक्षक येऊ द्या

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : यात्रा-जत्रांत आणि आठवडी बाजारांत विकली जाणारी लहान मुलांची असुरक्षित खेळणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्टँडच्या रस्त्याला माझं खेळणी आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकान वडिलांनी काढलं, गेली तीस वर्षं मी गल्ल्यावर बसतो. हे पत्र मी विक्रेता म्हणून लिहितो आहे. यात जे सांगणार आहे ते घडलं, तेव्हा माल माझ्याच हातून गेला होता.

2019 चा डिसेंबर. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली होती. त्या वेळी आम्हीही तिथे पाल टाकायचो. त्या वर्षी लाईटच्या भोवऱ्याची चलती होती. भोवरा फिरला की लाल-निळा लाईट लागायचा. डझनाच्या भावात आणलेला, खोकं नाही, नाव नाही, नुसत्या पिशवीत भरलेला माल. तीस रुपयांना एक. शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाने तीन वर्षांच्या मुलीसाठी एक नेला. भोवऱ्याच्या तळाला चकतीएवढं झाकण होतं, नखाने उचकटलं की निघायचं. आत शर्टाच्या बटणाएवढे तीन सेल. पोरीने झाकण काढलं आणि एक सेल नाकात घातला.

घरच्यांना कळलंच नाही. पोरगी नाक चोळत होती, रडत होती, एकाच नाकपुडीतून काळपट पाणी येत होतं. थंडीचे दिवस, सर्दी झाली म्हणून काढा दिला. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा साताऱ्याला नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी मुलीच्या वडिलांना तो उजेडासमोर धरून दाखवला आणि वडिलांनी नंतर मला दाखवला. पांढरी गोल चकती आणि तिच्या कडेच्या आत आणखी एक बारीक कड. नाणं असतं तर एकच कड दिसते, दोन दिसल्या की सेल समजायचा, असं डॉक्टर म्हणाले. सेल निघाला, पण तोवर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं.

मला तोपर्यंत वाटायचं, सेल गिळला तर आतलं केमिकल गळून विष होत असेल. तसं नसतं. ओल्या जागी सेल अडकला की त्यातून करंट वाहतो आणि त्या जागीच अल्कली तयार होते, धुण्याच्या कॉस्टिक सोड्यासारखी. ती मांस जाळते. नवा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जखम खोल जाऊ शकते. रिमोटमध्ये, वजनकाट्यात 2032 नंबरचा सेल असतो. त्या नंबरातच त्याचं माप आहे : 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या घशात हा सेल बरोबर अडकून बसतो. भोवऱ्यातला सेल त्याहून लहान होता म्हणून नाकात गेला.

मुलीचे वडील मला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. मीच जत्रेतून परत आल्यावर उरलेले भोवरे विहिरीच्या कट्ट्यावर बसून एकेक फोडले, सेल वेगळे काढले, आणि ठरवलं की हा धंदा करायचा तर तो शिकून करायचा.

सरकारनेही त्याच सुमारास पाऊल उचललं, हे मी मान्य करतो. 2020 मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 आणि पुढे 70 टक्के झालं. माझ्या दुकानात याचा फरक दिसला. आज माझ्या फळीवरच्या खोक्यांवर आयएसआयचं चिन्ह असतं, चिन्हाच्या वर मानकाचा नंबर, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. गिऱ्हाईक समोर असतानाच मी तो नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून दाखवतो. बनावट चिन्हं भरपूर आहेत. नुसतं चिन्ह छापलेलं आणि खाली नंबरच नाही, असा माल मी दोनदा परत पाठवला आहे.

पण महोदय, ही सगळी कडक व्यवस्था माझ्या दुकानाच्या उंबऱ्याशी थांबते. मार्गशीर्ष-पौषात पुसेगाव, औंध आणि पाल या गावांच्या यात्रा लागोपाठ येतात. तिथे पालापालावर तोच भोवरा आजही आहे. आता तो कधी अंगठीच्या रूपात येतो, कधी शिंगांच्या हेअरबँडच्या, कधी परीच्या काठीच्या. झाकणाला स्क्रू नाही. मानक सांगतं की सेलची जागा हत्याराशिवाय उघडता कामा नये. इथे ती मुलाच्या दुधाच्या दातांनी उघडते. खेड्यातल्या मुलाला वर्षाचं खेळणं दुकानातून नाही, जत्रेतून मिळतं. आजोबांच्या खांद्यावर बसून, बोट दाखवून घेतलेलं ते खेळणं असतं. ज्या मुलांसाठी हा कायदा सगळ्यात जास्त गरजेचा आहे, त्यांच्यापर्यंतच तो पोहोचत नाही.

तुमच्याकडून उत्तर येईल की आयएसआय हा केंद्राचा, भारतीय मानक ब्यूरोचा विषय आहे. खरं आहे. पण तुमच्याच खात्याखाली वैधमापन शास्त्र यंत्रणा आहे. माझ्या काट्यावर शिक्का मारायला त्यांचे निरीक्षक दरवर्षी येतात, पाकिटावरची एमआरपी बघतात. आवेष्टित वस्तूंचे 2011 चे नियम त्यांच्याच हातात आहेत. विक्रीच्या प्रत्येक बंद पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि परदेशी माल असेल तर कुठल्या देशातला ते छापलेलं हवं, असं ते नियम सांगतात. जत्रेतल्या खेळण्यांची खोकी उघडून बघा. बहुतेकांवर यातलं काहीच नसतं. म्हणजे दिल्लीची वाट न बघता, आहे त्या कायद्याने, आहे त्या माणसांकडून हा माल तुम्ही उचलू शकता. निरीक्षक जत्रेत येतातही, पण पेढ्याच्या आणि फरसाणाच्या दुकानातला काटा तपासून जातात. त्यांनी चार पावलं पुढे यावं, एवढंच माझं मागणं आहे.

ज्याच्या पालावर हा माल असतो तो माणूस मोठा व्यापारी नसतो, हेही मला सांगायचं आहे. मी त्या जागी बसलो आहे. बायको-पोरं पालातच झोपतात, चार दिवसांच्या विक्रीवर दोन महिने काढायचे असतात. त्याला दंड करून फार काही हाती लागणार नाही. त्याचा माल कुठल्या गोदामातून आला ते विचारा, तिथे जा. बिल न देता डझनाने माल देणारे ठोक व्यापारी सगळ्यांना माहीत असतात. आणि जत्रेच्या जागेची पावती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका फाडते, त्या पावतीच्या मागेच एक ओळ छापा : सेलचं झाकण स्क्रूचं नसेल तर खेळणं विकायचं नाही. पालवाला दुसरी खेळणी विकेल. मी तेच केलं, उपाशी राहिलो नाही.

आता एक वस्तू दाखवतो. आमच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून मी ॲल्युमिनियमची नळी करून घेतली आहे. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका कापलेला, एका बाजूला 25.4 मिलिमीटर खोल, दुसऱ्या बाजूला 57.1. जगभरच्या प्रयोगशाळा लहान भाग तपासायला हेच माप वापरतात. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं किंवा त्याचा निघू शकणारा कुठलाही भाग न दाबता या नळीत पूर्ण मावला, तर ते खेळणं नापास. ती नळी माझ्या गल्ल्यावर असते. आई-बाप खेळणं घ्यायला आले की मी बाहुलीचा बूट, गाडीचं चाक, ठोकळा त्यात टाकून दाखवतो. सांगून जे पटत नाही ते नळीत टुपकन पडलेलं चाक बघून पटतं.

पटवावं लागतं ते वयाबद्दल. खोक्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं. आई म्हणते, "आमचा लई हुशार आहे हो, दोन वर्षांचा आहे पण पाच वर्षांच्या पोरासारखं खेळतो." ते वय हुशारीचं नसतं, घशाचं असतं. हुशार पोराचाही घसा तेवढाच अरुंद. उलट हुशार पोर झाकण लवकर उघडतं.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीला अशी एक नळी द्या, प्लास्टिकची चालेल, साचा एकदा केला की खर्च नगण्य आहे. महिला व बालविकास खात्याशी बोलून हे होऊ शकतं. सेविका पालकांच्या बैठकीत ती फिरवतील. भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा तिचा जास्त उपयोग होईल, हे मी माझ्या गल्ल्यावरच्या अनुभवाने सांगतो.

आणखी दोन-तीन गोष्टी ओझरत्या सांगतो. पाच रुपयांच्या कुरकुरीत नळ्यांच्या पाकिटात मोफत खेळणं निघतं. खाण्याच्याच वस्तूत, खाण्याच्याच आकाराचं प्लास्टिक. हा विषय अन्न व औषध प्रशासनाचा, पण तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता. कुंडीत टाकायचे म्हणून मिळणारे रंगीत जेलीचे मणी पोरं गोळी समजून गिळतात, ते पोटात फुगून आतडं अडवतात. आणि फुगा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा ओठांत ओढून बारके फुगे करायचे, आपण सगळ्यांनीच लहानपणी केलं असेल. तोच तुकडा श्वासाबरोबर आत गेला तर घशाला चिकटून बसतो, पाठीवर थापट्या मारूनही निघणं अवघड. वाढदिवस झाला की आधी फुग्यांचे तुकडे गोळा करा, केक नंतर कापा, असं मी फुग्यांच्या प्रत्येक पुड्याबरोबर सांगतो.

सगळ्यात मोठी उणीव मात्र नोंदीची आहे. त्या मुलीच्या केसपेपरवर लिहिलं होतं, नाकात बाह्य वस्तू. संपलं. कुठलं खेळणं, कुठून घेतलं, सेल कसा निघाला, कोणी विचारलं नाही आणि कुणाला कळवलं नाही. मला कळलं ते वडील ओळखीचे होते म्हणून. नाहीतर उरलेले भोवरे मी पुढच्या जत्रेत विकले असते, यात मला शंका नाही. अमेरिकेत निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागातून कुठल्या वस्तूने इजा झाली याची नोंद होते, ती ग्राहक सुरक्षा आयोगाकडे जाते आणि त्यावरून माल परत मागवला जातो. युरोपात एका देशात घातक खेळणं सापडलं की बाकीच्या देशांना लगेच इशारा जातो. आपल्याला एवढी मोठी यंत्रणा लगेच नको. जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवा आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 16 ने ग्राहकांच्या एका समूहाला फटका बसत असेल तर चौकशी करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहेच. चौकशीसाठी त्यांच्या टेबलावर काहीतरी यायला तर हवं. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तीस रुपयांच्या, बिल नसलेल्या भोवऱ्यासाठी तिथे फोन करावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

कडकपणा करताना एक सांभाळा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळं, भातुकली करणारे हात आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, ती योग्यच आहे. पण सूट म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम 2017 पासून लागू आहे. कारागिराला तसा तपासलेला रंग परवडणाऱ्या भावात मिळवून द्या. पोर पांगुळगाडा हातात धरून चालतं तसं त्याची दांडी चावतंही. तिथला रंग त्याच्या पोटात जातो.

ती मुलगी आता शाळेत जाते. वह्या घ्यायला माझ्याच दुकानात येते. धावत आली की श्वास घेताना तिच्या नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. पडद्याच्या भोकातून हवा जाते त्याचा तो आवाज आहे. वह्या मोजताना माझा हात थांबतो.

24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो आणि आमच्या जत्रांचा हंगामही त्याच सुमाराला लागतो. या वर्षी तो दिवस सभागृहात साजरा न करता तुमचे दोन निरीक्षक पुसेगावच्या यात्रेत पाठवा. पालांची ओळ कुठून सुरू होते ते मी दाखवीन, नळी माझ्याकडे आहे.

आपला,
एक खेळणी विक्रेता
जि. सातारा