गच्चीवर टीव्हीच्या तीन छत्र्या उभ्या करून देणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

छत्र्या बसवण्याची ठरलेली मजुरी आपण घेतलीत आणि तो व्यवहार तिथेच संपला. हे पत्र त्या मजुरीत न बसलेल्या गोष्टींसाठी आहे.

मिरजेतील आमच्या गच्चीवर सासऱ्यांनी घेतलेल्या सहा फुटी जाळीच्या दोन छत्र्या कित्येक वर्षे गंजत पडल्या होत्या. सासूबाई कर्नाटक सीमेवरच्या जतकडच्या, त्यांना दूरदर्शनची कन्नड वाहिनी ‘चंदना’ हवी, सासऱ्यांना मराठी ‘सह्याद्री’. म्हणून डीडी फ्री डिशसाठी दोन फुटी छत्री नव्याने आणली आणि जुन्या दोन्हींचाही उपयोग करावा असे ठरले. आपल्याआधी आलेल्या कारागिराने छोटी छत्री तीन तास फिरवली. स्ट्रेंथची पट्टी ऐंशीच्या पुढे आणि क्वालिटी शून्य, तरी ‘सिग्नल आहे, बॉक्सच खराब आहे’ असे सांगून तो निघून गेला.

आपण आलात आणि बॉक्सला हातही न लावता सासूबाईंकडून शिवणाचा दोरा मागितलात. त्याला नट बांधून केलेला ओळंबा पाइपाशी धरला, तेव्हा पाइप बोटभर कललेला निघाला. पाइपच कललेला असेल तर छत्रीवरच्या अंशांच्या खुणांना काही अर्थ राहत नाही, हे आपण सांगितलेत. आणि स्ट्रेंथवरून एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) जिवंत आहे एवढेच कळते, उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटी सांगते, हेही. पाइप सरळ झाल्यावर आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहाकडे छत्री वळवून क्वालिटी यायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

मोठ्या छत्र्यांपैकी एक ८३ अंशांवर आणि दुसरी ६८.५ अंशांवर, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला लागली. तिन्ही केबल डायसेक स्विचमध्ये (अनेक छत्र्या एकाच बॉक्सला जोडणाऱ्या डबीत) जोडताना आपण प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना रंगीत पट्टी चिकटवलीत आणि कोणता पोर्ट कोणत्या उपग्रहाचा, मोठ्या छत्र्यांना एलओ (बॉक्समध्ये भरायचा एलएनबीचा वारंवारतेचा आकडा) ५१५० आणि छोटीला ९७५०–१०६०० का, हे माझ्या वहीत माझ्याच हाताने लिहवून घेतलेत. (पुन्हा बोलावणे येऊ नये याची एवढी काळजी घेणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.)

मार्चच्या मध्यास दुपारी बाराच्या सुमारास ८३ अंशांवरच्या वाहिन्या रोज काही मिनिटे तुटू लागल्या, तेव्हा मी घाबरून आपल्याला फोन केला. येऊन भेटीचे पैसे घेणे आपल्याला सहज शक्य होते. त्याऐवजी आपण मला फोन हातात घेऊन गच्चीवर जायला आणि छत्रीतली सावली पाहायला सांगितलेत. एलएनबीची सावली छत्रीच्या अगदी मधोमध पडली होती. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आला आहे, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो, चार-आठ दिवसांत आपोआप सुरळीत होईल, काही हलवू नका, असे आपण म्हणालात. आणि तसेच झाले.

सप्टेंबरच्या अखेरीस चित्र पुन्हा तुटू लागले, तेव्हा कोणीही फोन केला नाही. सासूबाई शेजारच्या काकूंना घेऊन भर दुपारी गच्चीवर गेल्या आणि ‘बघा, सावली कशी मधोमध आली आहे’ म्हणून त्यांना छत्री दाखवत उभ्या राहिल्या.

आपल्या ऋणात,
मिरजेतील एक कुटुंब